हिरव्या दारातल्या तारल्या

"आई, संत आंतोनियोच्या सणाला दोन दिवस लिस्बनमध्ये राहू. ट्राम, किल्ला, सगळं पर्यटकांसारखं बघू. हे घर बघ," असं म्हणत तोमेने फोन पुढे केला.

इदालिनाने चष्मा पुसला. ते हिरवं दार तिचंच होतं. भाडेकरार संपताच मालकाने तिला बाहेर काढलं आणि घर पर्यटकांसाठी ठेवलं. तेव्हापासून ती नदीपलीकडे मुलाकडे राहत होती.

"माझ्याच घरात पाहुणी म्हणून जाऊ? वेडा की काय तू!" ती म्हणाली, पण कपाटामागची शेगडी तिने लगेच बाहेर काढली. "दारात तारल्या मीच भाजणार हं. वरच्या मजल्यावरच्या ओलिंपियालाही बोलव. मीठ जास्त झालं म्हणेल. म्हणू दे."

तोमेने घरासाठी विचारणा केली. मालकाचं उत्तर आलं, "माफ करा, इथल्या लोकांना आम्ही घर देत नाही. सणाला ते दारात मासे भाजत बसतात, धुराने पाहुणे वैतागतात."

तोमेने जाहिरातीतला पुढचा फोटो सरकवला.



हिरव्या दारात इदालिना तारल्या भाजत होती. खाली लिहिलं होतं, 'अस्सल लिस्बन अनुभवा.'