निकाल न लागलेला मासा

माशाच्या पाठीवरच्या पहिल्या पराला लागून एक काटा होता. तो परापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा उंच होता. तेवढ्या फरकावर तिची नोकरी लटकली होती.

बरणीतला मासा वीतभर. कायमेरा म्हणतात त्याला. खोल समुद्रातल्या अंधारात राहणारा, शार्कचा दूरचा भाऊबंद. हाडांऐवजी कूर्चा, दात सशासारखे, शेपूट चाबकासारखं. तिच्या मते ही नवी, खुजी जात होती. पण शेवटचं मत संग्रहालयाचे प्रमुख असलेल्या सरांचं होतं. जात नवी ठरली तर ती संग्रहालयात कायम. नाही ठरली तर काम संपलं, घरी बसा. निकाल लागेपर्यंत दर वर्षी मुदतवाढ.

अशी सहा वर्षं गेली. सर नाही म्हणत नसत, हो तर नाहीच. पुन्हा एक्स-रे काढ, पुन्हा मोजून बघ, घाई कसली. मुदतवाढीची शिफारस तेवढी वेळेआधी करत. नवरा विचारायचा, "मासा काय म्हणतो?" सासूबाई म्हणायच्या, मेलेल्याला इतका वेळ, जिवंत असता तर काय झालं असतं! नवऱ्याचं दुकान बसल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं. हे सरांना माहीत होतं, याचाच तिला जास्त राग यायचा.

कारण तिनं केव्हाच ताडलं होतं. तरुणपणी सरांनी स्वतः एका कायमेराला नाव दिलं होतं. हातभर लांबीचा तो मासा दालनात मधोमध होता. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?

शेवटी तिनं गुपचूप दुसरीकडे अर्ज केला. आज ती सरांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"कॉलेजात जागा मिळाली, सर. सोमवारपासून जातेय."

सर चष्मा पुसत राहिले. "हंगामी?"

"कायम."

"नुसतं तोंडी नाही ना? पत्र आलंय?"

"आलंय. सहीसुद्धा करून दिली." तिचा आवाज चढला. "आता तरी सांगा. हो की नाही? का माझी मुलगी निवृत्त होईपर्यंत थांबू?"

त्यांनी तिला दार लोटून घ्यायला सांगितलं, मग बसायला सांगितलं. बरणी स्वतःकडे ओढली.

"पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी," सर म्हणाले. "नवी जात नाही. माझ्याच माशाचं पिल्लू आहे ते."