आवाज येतोय, चित्र नाही

"पंखा फिरतोय, दिवा लागतोय, आवाजसुद्धा येतो. फक्त चित्र नाही," काका म्हणाले. गेल्या रविवारीही त्यांनी हेच सांगितलं होतं.

दुरुस्तीवाल्याने मान हलवली, टेबलाखालचा सीपीयू बाहेर ओढला आणि जमिनीवर मांडी ठोकली. त्याचं दुकान याच इमारतीच्या तळमजल्यावर. इतरांचे बिघडलेले कॉम्प्युटर जिने उतरून त्याच्याकडे येत. ह्या एकाच पेशंटला तो घरी येऊन तपासत असे.

भिंतीचा आधार घेत काकू बाहेर आल्या. हृदयाच्या ऑपरेशनपासून त्या अशाच चालत.

"काय डॉक्टर, वाचतो का पेशंट?"

"बघतो, काकू."

"नुसता बघतोच आहेस. तुझ्या हाताला गुण नाही बघ."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. काळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीत त्या बसल्या. दर रविवारी संध्याकाळी त्या तिथेच बसत, कारण जहाजावर नोकरीला असलेल्या त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा फोन ह्या कॉम्प्युटरवर यायचा. काकूंना बटणं दाबायचा त्रास नको म्हणून कॉल आपोआप उचलला जाईल, अशी सोयही दुरुस्तीवाल्यानेच करून दिली होती.

"एकदा त्याचं तोंड दिसू दे म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "वाळलाय की काय, कोण जाणे. आवाजावरून काही कळत नाही."

काका खिडकीशी जाऊन उभे राहिले.

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, धूळ झटकली, रॅम काढली आणि खिशातून खोडरबर काढून तिची कडा घासायला लागला.

"अजून शाळेतच आहेस का रे?"

"ही कडा काळवंडते, काकू. घासली की कधी कधी चित्र परत येतं."

"माणसांचंही असं घासून होत असतं तर किती बरं झालं असतं."

रॅम परत बसवताना सीपीयूच्या पत्र्याची कड त्याच्या बोटाला लागली आणि रक्त आलं. नवी गोष्ट नव्हती, ह्या धंद्यात पत्रा रोजच चावतो. पण काकूंनी औषधांच्या डब्यातून पट्टी काढली आणि त्याचा हात मांडीवर ओढून घेतला.

"तुम्हा दोघा मित्रांची ढोपरं बांधता बांधता माझं निम्मं आयुष्य गेलं," त्या म्हणाल्या. "एक पडला की दुसरा पडलाच म्हणून समजा."

पट्टी बांधून झाली तरी त्यांनी त्याचा हात लगेच सोडला नाही.

त्याने बटण दाबलं. एक बीप झाला. एकच बीप म्हणजे आतून सगळं ठणठणीत. पाठोपाठ स्पीकरमधून सुरुवातीची धून वाजली. पडदा काळाच राहिला.

त्याने मॉनिटरची केबल सोडवली. टोकाची एक पिन वाकून आडवी झाली होती. त्याने ती पाहिली, खिडकीकडे एकदा नजर टाकली आणि केबल तशीच परत लावून दोन्ही स्क्रू घट्ट पिळले.

"मॉनिटरच गेलेला दिसतोय."

"मग तुझ्या दुकानातला एखादा आणून लाव की. तिथे ढीग पडलाय."

"पुढच्या रविवारी आणतो."

"त्याला दुसरी कामं नाहीत का?" काका एकदम चढ्या आवाजात म्हणाले.

काकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग दुरुस्तीवाल्याकडे.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आवाज येतो तेवढं पुष्कळ आहे. नाही आणलास तरी चालेल."

काका जिन्यापर्यंत पोचवायला आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत फिरले.

खाली येऊन दुरुस्तीवाल्याने दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं. टेबलफॅन माइकजवळ सरकवला. त्याची घरघर पलीकडे जहाजासारखी ऐकू जाते, हे त्याला आता माहीत झालं होतं.

काकू ऑपरेशनच्या टेबलावर होत्या त्याच आठवड्यात मुलगा वादळात डेकवरून समुद्रात गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना धक्का बसता कामा नये. तेव्हा काका ह्या दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. "एकदाच तिच्याशी बोल," म्हणाले. "तुमचे आवाज सारखेच आहेत." केबलची पिन त्याने त्याच दिवशी पकडीने वाकवली. मग आज सांगू, उद्या सांगू करता करता रविवार सरत गेले. त्याला स्वतःची लाज वाटायची. आणि तरी तो रविवारची वाट बघायचा, कारण त्याची स्वतःची आई जाऊन बराच काळ लोटला होता.

त्याने हेडफोन चढवले आणि कॉल लावला.

"आई, मी बोलतोय."

"बोल, बाळा. जेवलास का?"

"हो. आज समुद्र शांत आहे."

"तुझे बाबाही इथेच बसलेत. तुझ्या मित्राने आजही पुष्कळ खटपट केली बघ, पण चित्र काही आलं नाही."

"येईल गं कधीतरी."

"न येऊ दे. तू बोलत राहा." मग काकूंचा आवाज थोडा लांब गेला. "अहो, माझ्या गोळ्या आत राहिल्यात. आणता का जरा?"

खुर्ची सरकली. काकांच्या चपलांचा आवाज हळूहळू आतल्या खोलीत गेला.

"हे आत गेलेत म्हणून सांगते," काकू अगदी हळू म्हणाल्या. "बोटाची पट्टी आज भिजू देऊ नकोस."