त्रासाचा तक्ता

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सिस्टरने कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीचा पाचवा डोस रोखला. "सिस्टर, हे खोटं बोलताहेत," पेशंटची बायको म्हणाली होती. "घरी रोज भरायच्या त्रासाच्या तक्त्यात मी खोकला, धाप लिहिली. डोस बंद होईल म्हणून यांनी खोडून शून्यं टाकली. जिना चढताना तीनदा बसतात." "फुफ्फुसातली गाठ निम्मी झाली, तेच बघवत नाही हिला!" नवरा खेकसला आणि खोकतच राहिला. दुपारी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "औषधाने चवताळलेली प्रतिकारशक्ती गाठीबरोबर फुफ्फुसावरही उठलीय. डोस बंद, स्टेरॉइड सुरू." "परत कधी?" नवऱ्याने विचारलं. "कदाचित कधीच नाही." तो बायकोकडे वळला. "मेलो तर तुझ्यामुळे." "डोस घेऊन गेला असतात तर?" "तर माझ्यामुळे." सहा आठवड्यांत धाप ओसरली. गाठ वाढली का, ते सोमवारच्या स्कॅनमध्ये कळेल. सोबत येऊ नकोस, असं त्याने बजावलं आहे.