पुसलेल्या डिस्कमधला प्रेमराज

धनसिंगने पहिली थप्पड मारली तेव्हा मेघाचा चष्मा चुलीपाशी जाऊन पडला. दुसऱ्या थपडेला ओठ फुटला.

"मना पोऱ्या कोठे शे?" तो ओरडला. "बोल! कोठे शे मना पोऱ्या?"

मेघाचा भाऊ प्रेमराज जाऊन दीड वर्ष झालं होतं. पारोळ्याच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. मागे राहिला त्याचा जुना लॅपटॉप आणि त्यात एक व्हिडिओ. चुलतभावाच्या हळदीत प्रेमराज बापाला, धनसिंगला, खांद्यावर घेऊन नाचतोय. धनसिंग शेतातून दुपारी आला, की जेवणाआधी तो बघायचाच. आज मेघाने लॅपटॉप लावून दिला, तर पडद्यावर सगळं नवंच. व्हिडिओ कुठे सापडेना.

लॅपटॉप पार मंदावला होता. सुरू होईपर्यंत चहा उकळून निघायचा. धुळ्याच्या कॉलेजातली मैत्रीण दिपमाला म्हणाली, "विंडोज काढ, लिनक्स टाक. हलकी यंत्रणा आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळते." पण कुठलं? लिनक्सचे प्रकारच ढीगभर; उबंटू म्हणा, फेडोरा म्हणा, नावं संपता संपेनात, आणि इंटरनेटवर जो तो आपलंच खरं म्हणून भांडत होता. मेघाने आठवडाभर डोकं शिणवलं. शेवटी दिपमालानेच सांगितलं, "पहिल्यांदाच टाकतेयस ना? मग मिंट घे. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघ."

मेघाने चालवून पाहिलं. लॅपटॉप पळायला लागला. काल संध्याकाळी ती ते कायमचं टाकायला बसली. पडद्याने विचारलं, जुनं विंडोज शेजारी राहू द्यायचं, की सगळी डिस्क पुसायची? डिस्क गच्च भरलेली होती. भावाचे फोटो तिने आधीच काढून घेतले होते, व्हिडिओही त्यांच्यातच आला असं तिला वाटलं. तिने पुसायचं ठरवलं आणि बटण दाबलं.

"आबा, मनी चूक शे," ती म्हणाली.

धनसिंगने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. "ज्यामा मना पोऱ्या नही, ते कसाले ठेवानं?"

कुऱ्हाड वर गेली. मेघा लॅपटॉपवर पालथी पडली. पातं तिच्या खांद्याशेजारी फरशीत बसलं. उडालेला कपचा तिच्या गालात घुसला.

"आबा! अजून मझार शे तो!"

आत आहे म्हटल्यावर धनसिंगचा हात थांबला.

तिने दिपमालाला फोन लावला. "आता त्या डिस्कवर काही म्हणजे काही ठेवू नकोस," दिपमाला म्हणाली. "पुसलं म्हणजे नुसता पत्ता पुसला जातो. त्या जागी दुसरं काही बसलं नसेल, तर फाइल तिथेच असते. पेनड्राइव्हवरून चालू कर. मी सांगते तसं टाइप कर."

मेघाने चष्मा शोधून लावला. एका हाताने ओढणी ओठावर दाबली, दुसऱ्याने टाइप करायला घेतलं. आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर. एक चुकलं तरी यंत्र नकार देई, की पुन्हा पहिल्यापासून. कालपर्यंत त्या काळ्या खिडकीची तिला भीती वाटत होती. आज घाबरायला सवड नव्हती. मागे बाप कुऱ्हाड घेऊन उभा होता. माय, भागाबाई, पिठाचे हात तसेच ठेवून दाराशी बसली होती. नवऱ्याने पोरांवर हात टाकला की ती अशीच दाराशी बसायची.

फाइली निघू लागल्या, तशा मेघा त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊ लागली. नावं गेलेली, नुसते आकडे. बऱ्याचशा उघडल्याच नाहीत. एक उघडली.

तो हळदीचा व्हिडिओ नव्हता. खाटेवर प्रेमराज बसला होता, पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात, थेट लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात बघत. इंग्रजीत आपलं नाव सांगत होता, गाव, शिक्षण. मुलाखतीची तयारी करत होता. मधेच अडखळला, हसला, पुन्हा सुरुवात केली.

धनसिंग मटकन खाली बसला. "मना राजा," म्हणत त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

इतक्यात व्हिडिओत दार आपटलं.

"कोनसंगे बोली ऱ्हायना रे? पानीनी मोटर कोन चालू करी, तुना बाप?"

आवाज धनसिंगचाच होता. मग तोही दिसला, हातात ठिबकच्या नळीचा तुकडा घेऊन. पहिला फटका पाठीवर बसला, पुढचे कुठेही. प्रेमराजने हात उगारला नाही. फक्त चेहरा झाकला.

"आबा, सकाळी मुलाखत शे मनी. तोंडवर नको!"

त्यानंतरचा फटका तोंडावरच बसला. प्रेमराज उठला आणि पडद्याबाहेर गेला.

अपघाताच्या दिवशी मेघा मावशीकडे होती. तिला सांगण्यात आलं होतं, दादा मित्राकडे जेवायला निघाला होता. हाच पट्ट्यांचा शर्ट दवाखान्यातून पिशवीत घालून परत मिळाला होता.

धनसिंग उठला. कुऱ्हाड पुन्हा वर गेली, ती खाली आलीच नाही. भागाबाईने मागून दांडा धरला होता. तिने हिसका मारून कुऱ्हाड अंगणात भिरकावली, नवऱ्याची मानगूट पकडली आणि त्याचं तोंड पडद्याकडे दाबलं. एवढा रेड्यासारखा माणूस, एका झटक्यात सुटला असता. सुटला नाही.

पडद्यावर आता नुसती रिकामी खाट होती. व्हिडिओतच, घराबाहेरून मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा किक.

"बंद कर," धनसिंग म्हणाला. "बंद कर व, बेटा."

मेघाने मायकडे पाहिलं.

"आवाज मोठा कर," भागाबाई म्हणाली.