पायाचा कौल

मुनीमचा पाय हलत नव्हता.

टेप संपत आली होती. दाढीने डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने टेबलाखाली पाहिलं. तपकिरी बूट फरशीवर विसरून गेल्यासारखा पडून होता. वर मुनीम पार्सलांवर पत्ते चिकटवत बसला होता.

लाँड्रीमागच्या या खोलीत तिघा मित्रांची छोटी रेकॉर्ड कंपनी होती. दाढी पूर्वी लग्नांत गिटार वाजवायचा. डॉक्टर दातांचा, पण भरवसा सगळा स्वतःच्या कानांवर. गाणी निवडायची ती या दोघांनी. मुनीमकडे हिशेब, पार्सलं आणि रेकॉर्डी छापून देणाऱ्या कारखानदाराशी गोड बोलणं. त्याला सूर आणि सुतळी यांतला फरक कळत नाही, यावर दोघांचं एकमत होतं. त्यांची एकमतं फार नव्हती.

दोघांनाही न आवडलेल्या टेपा निमूट परत जात. एकाला आवडली की युद्ध. पहिल्या वेळी तर टेप चालू असतानाच इतकी जुंपली की कंपनी बारशाआधीच मोडायची. नेमका तेव्हा डॉक्टरला टेबलाखाली मुनीमचा पाय दिसला. भराभरा हलत होता. ठेक्यात हलतोय की ठेक्याबाहेर, हे बघण्याइतकं भान दोघांनाही उरलं नव्हतं. या दगडाला पाझर फुटतो म्हणजे गाण्यात काहीतरी आहे, असं म्हणून त्यांनी रेकॉर्ड काढली. ती खपली. तेव्हापासून नियमच झाला. पाय हलला तर रेकॉर्ड, नाहीतर नमस्कार. मुनीमला मात्र यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं की पायाला शिंगं फुटायची.

अशा आठ रेकॉर्डी निघाल्या. त्यांवर कुणाचंच घर चालत नव्हतं. पण खोलीचं भाडं निघत होतं, आणि आपली रेकॉर्ड कुठल्यातरी अनोळखी घरात वाजत असेल, हे सुख वर उरत होतं. व्यवहार वाईट नव्हता.

आजची टेप समोरच्या औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंची होती. दोन मोठ्या कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं होतं. "तुम्हीही नाही म्हणालात तर मी हा नाद सोडते. रुसून नाही, खरंच सोडते," असं सांगून त्या बाहेर लाँड्रीच्या बाकावर बसल्या होत्या, लोकांच्या चादरी गरगर फिरताना बघत. आणि टेप दाढीला आवडली होती. डॉक्टरलाही आवडली होती. पहिल्या गाण्यापासून दोघांच्या तोंडून शब्द नव्हता.

टेप थांबली. "चहा घेऊन येतो," म्हणून मुनीम उठून गेला.

"आता?" दाढी म्हणाला.

"आता काय. नियम म्हणजे नियम."

"पण मला आवडलीय रे."

"मलाही आवडलीय. तीच तर भीती आहे. आपल्या दोघांनाही आवडलेली गोष्ट तिसऱ्या कुणाला आवडेल असं वाटतं तुला?"

"मग तूच सांग बाईंना. दात उपटायची सवय तुला आहे."

तेवढ्यात मुनीमची बायको घराची किल्ली द्यायला आली. दोघांचे उतरलेले चेहरे बघून तिने विचारलं, "काय हो, कुणी गेलं की काय?" डॉक्टरला राहवलं नाही. त्याने पायाचं सगळं गुपित सांगून टाकलं.

वहिनी हसायला लागली ती थांबेचना. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो भावोजी, त्यांचा पाय गाण्याला नाही हलत. शेजारी कुणी भांडायला लागलं की हलतो. घाबरतात हो ते. माझी नि सासूबाईंची जुंपली की आमचं जेवणाचं टेबल नाचतं."

दाढीने भिंतीवर लावलेल्या आठ कव्हरांकडे पाहिलं.

"म्हणजे ही आपली आठ भांडणं आहेत."

"आणि खपलेली भांडणं," डॉक्टर म्हणाला. "मग जिच्यावर आपण भांडलोच नाही ती खपणार कशी?"

याचं उत्तर वहिनीकडे असावं, पण तिला कुणी विचारलं नाही.

मुनीम चहा घेऊन आला. एक कप तो बाहेर बाईंना देऊनच आला होता. डॉक्टरने कप हातात घेतला आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

"मुनीम, तुला कशी वाटली टेप?"

मुनीमने बायकोकडे पाहिलं. आपलं काही चुकलं की काय, असं त्याला वाटलं.

"मला काय विचारता रे? मला कुठे कळतं त्यातलं?"

"तरी पण."

"चांगली आहे की. त्या तिसऱ्या गाण्यात बाई मध्येच थांबतात ना, श्वास घ्यायला, तिथे मी पण थांबलो. दोन पार्सलांवर एकच पत्ता चिकटवून बसलो. सोडवून देतो लगेच."

दाढी उठला. दार उघडून म्हणाला, "बाई, आत या. काढतोय आपण रेकॉर्ड." बाई कप सांभाळत उठल्या आणि उठल्या तिथेच उभ्या राहिल्या. डॉक्टर स्वतःच्या रुमालाने त्यांच्यासाठी खुर्ची पुसायला लागला. त्या गडबडीत मुनीमने दाढीची बाही ओढली आणि त्याला जरा बाजूला घेतलं.

"आज तुम्ही दोघं गप्प होतात म्हणून मला ऐकू तरी आलं," तो हळूच म्हणाला. "आधीच्या आठही अशाच होत्या का रे?"