ठरावाच्या विरोधात

“अमेरिकेने बंदुकांचे कायदे बदलावेत,” असा ठराव होता आणि स्वरांगी त्याच्या विरोधात बोलत होती.

तिच्या खोलीच्या बंद दाराबाहेर तिचे बाबा, गुरुनाथ, चहाचा कप घेऊन थबकले. मार्च उजाडला तरी आयर्लंडमधल्या त्यांच्या एनिस गावातल्या शाळा लॉकडाउननंतर पुरत्या उघडल्या नव्हत्या. तिचा वर्ग अजून लॅपटॉपवरच भरत होता. वादविवाद इंग्रजीत चालला होता. स्वरांगीचा आवाज शांत होता.

“त्या माणसाविरुद्ध आधीच दोन तक्रारी होत्या. आहे तो कायदा नीट वापरला असता तर त्याच्या हातात बंदूक आलीच नसती. मग नवा कायदा कशाला?”

कोणता माणूस, हे गुरुनाथला विचारावं लागलं नाही. अकरा दिवसांपूर्वी अमेरिकेतल्या एका लाँड्रीत शिरून त्याने सात जणांना गोळ्या घातल्या होत्या. त्यातला एक जयेश. गुरुनाथच्या बहिणीचा मुलगा, एमएस करायला गेलेला, आठवड्याचे कपडे धुवायला आलेला. लॉकडाउनमुळे घरच्या कुणालाच तिकडे जाता आलं नाही. अंत्यविधी सगळ्यांनी फोनवर पाहिला. नाशिकहून त्याची आई, शुभदा, एकच सांगत होती, “त्याचा चेहरा जवळून दाखवा ना.”

“आपल्याकडे गस्तीवरच्या पोलिसाजवळसुद्धा बंदूक नसते,” आतून लॅपटॉपवरचा ईफाचा आवाज आला. ईफा स्वरांगीची मैत्रीण, ठरावाच्या बाजूने बोलणारी.

“पण तुझ्या आजोबांच्या शेतावर शॉटगन आहे,” स्वरांगी म्हणाली. “आजूबाजूच्या किती शेतांवर आहे! त्यांनी कधी कुणाला मारलंय? मग दोष बंदुकीचा कसा?”

ईफा काहीच बोलली नाही.

“आणि ड्रायरजवळ जो मुलगा उभा होता, त्याच्याकडे बंदूक असती, तर कदाचित तो आज जिवंत असता.”

चहा गुरुनाथच्या मनगटावर सांडला. ड्रायरचं कुठल्याच बातमीत आलं नव्हतं. ते तिथल्या पोलिसांनी फक्त शुभदाला आणि तिने फोनवर घरच्यांना सांगितलं होतं. गुरुनाथनी दाराच्या मुठीवर हात ठेवला, पण दार उघडलं नाही.

मतं मोजली गेली. वीसपैकी तेरा स्वरांगीच्या बाजूने पडली. टीचर म्हणाल्या, “वेल डन, स्वरांगी. ग्रँड जॉब.”

वर्ग सुटल्यावर ते आत गेले. तिने लॅपटॉप मिटला होता आणि ती भिंतीकडे बघत बसली होती.

“जयेशचं टीचरना सांगायचं होतंस गं. त्यांनी तुला दुसरी बाजू दिली असती.”

“त्यांनी दुसरीच दिली होती. ही मी मागून घेतली.”

गुरुनाथ पलंगाच्या कडेवर बसले. “का?”

“सांगितलं असतं तर सगळे सॉरी म्हणाले असते. मग कुणी भांडलंच नसतं माझ्याशी.” तिने नाक पुसलं. “ईफाच्या आजोबांची शॉटगन लायसन्सची आहे, बाबा. ती कशाला हवी, हे पोलिसांना पटवून द्यावं लागतं. दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करून घ्यावं लागतं. ईफाला हे सगळं माहीत आहे. तिने एवढंच म्हणायचं होतं. मी थांबले होते तिच्यासाठी.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हलली नाही.

“तेरा जणांना पटलं,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, एकाला तरी राग येईल.”