टाकीतलं पुण्य

काचेच्या टाकीतलं अमोनियाचं विष काही उतरेना. माझा लेक नीळकंठ विज्ञान शिकवतो. रोज पाणी तपासायचा, बदलायचा, तरी सहापैकी पाच मासे गेले. तळाशी कुजलेली कणीक सापडली, तेव्हा सून म्हणाली, "यांची बैहरची बदली टळाले पाहिजे म्हणून पंडितजींनी माशायले रोज कणकीच्या एकवीस गोळ्या टाकाले सांगितल्या."

"अवं, तुझ्या सासऱ्यांच्या साडेसातीत मी गोळ्या टाकाले वैनगंगेपर्यंत पायी जायची!"

"नदी दूर पडते, आई."

आता विज्ञान कडाडणार म्हणून मी सावरून बसले. नीळकंठनं हळूच विचारलं, "किती दिवस टाकायच्या?"

"चाळीस. आज सव्विसावा."

संध्याकाळी तो नवे मासे घेऊन आला.